कासवांचे त्वचाविकार : ओळख आणि उपचार

(व्याख्यान)

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील कृष्णाकाठच्या लोकांना कासव नवे नाही. देवळात त्याची दगडी प्रतिमा असते. विहिरीत सोडलेले कासव पाणी स्वच्छ ठेवते, असा समजही जुना आहे. अलीकडे ते घरातील काचेच्या टाकीतही आढळू लागले आहे.

उपचारापूर्वी कासवाची जात ओळखणे अगत्याचे आहे. नद्या, तळी व विहिरींत आढळणारे मऊ पाठीचे कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येते. ते बाळगणे हा गुन्हा होय. असे कासव जखमी वा आजारी दिसल्यास वन विभागास कळवावे. घरी उपचार करू नयेत. बाजारात विकले जाणारे, डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले कासव मात्र मूळचे अमेरिकेतील. पुढील माहिती मुख्यत्वे त्याच्यासंबंधी आहे.

वाढत्या कासवाच्या कातडीचे पातळ, पारदर्शक पापुद्रे सुटणे स्वाभाविक आहे. पाठीवर थोडे शेवाळ धरले, तरी ते मऊ ब्रशने निघते. परंतु कातडीवर कापसासारखा पांढरा थर दिसल्यास बुरशीचा संशय घ्यावा. कवच मऊ पडून खड्डे पडणे व दुर्गंधी येणे, ही कवच कुजण्याची लक्षणे होत. डोळे सुजल्यास बहुधा आहारात 'अ' जीवनसत्त्वाची उणीव असते. पोटाकडील कवचावर लाली पसरली आणि खाणे थांबले, तर विष रक्तात भिनत असल्याचा संभव असतो. अशा वेळी विलंब प्राणघातक ठरतो.

या विकारांचे मूळ बहुधा घाण पाणी, अपुरे ऊन आणि निकृष्ट आहार यांत असते. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन उपयोगी पडत नाही, कारण आवश्यक किरण काच अडवते. म्हणून कासवास पाण्याबाहेर बसण्यास कोरडी जागा, थेट ऊन आणि जवळच सावली द्यावी. पाणी वेळोवेळी बदलावे. पाव व भात यांऐवजी पालेभाज्या व लहान मासे द्यावेत. बाधित भाग पोव्हिडोन आयोडीनच्या चहाच्या रंगाइतक्या सौम्य द्रावणाने पुसून कासव काही तास कोरडे ठेवावे. तेल वा रंग लावू नये.

एक इशारा महत्त्वाचा आहे. जनावरांच्या गोचीड-जंतांवर गोठ्यात वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवास मारक ठरते. ते कधीही देऊ नये. औषधाची निवड पशुवैद्यकावरच सोपवावी. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणून हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत, टाकी स्वयंपाकघरात धुऊ नये व लहान मुलांना कासवापासून दूर ठेवावे.

कंटाळा आला म्हणून परदेशी कासव कृष्णेत वा गावतळ्यात सोडणे, ही दया नव्हे. ते स्थानिक कासवांचे अन्न व जागा बळकावते आणि रोगही पसरवू शकते. शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढे समजावून दिले, तरी नदीतील कासवांचे मोठे रक्षण होईल.