बोरूकडून संगणकाकडे
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



“चित्रकलेत चार वर्षे घातली, आता संगणकाकडे वळायचे म्हणतो. मग ती वर्षे पाण्यात गेली का?” हा प्रश्न घरोघरी विचारला जात आहे. उत्तरासाठी आपल्या ओळखीच्या कातिबांकडे पाहू.

उर्दूच्या नस्तालीक वळणात अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलते, शब्द तिरका खाली उतरतो. शिशाच्या खिळ्यांना ते साधले नाही, म्हणून वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत. (चेन्नईचे १९२७ सालचे ‘मुसलमान’ एकविसाव्या शतकातही हातानेच लिहिले जात होते.) पाकिस्तानचे खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या यंत्रासाठी सुमारे २०,००० अक्षरजोड लिहून दिले. १९८१ साली आलेल्या या वळणाला त्यांनी वडिलांच्या नावावरून ‘नूरी नस्तालीक’ म्हटले. यंत्राला अक्षर दिले ते खुशनविसानेच! पुढे अशाच यंत्रांनी कातिबांची रोजी गेली, हेही लपवण्यात अर्थ नाही.

मुंबईचे र. कृ. जोशी जाहिरात क्षेत्रातले सुलेखनकार. त्यांनी पवईच्या आय.आय.टी.त शिकवले, आणि विंडोजमधला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्याच हातचा. ‘कि’ टंकताना आधी क, मग वेलांटी. दिसते मात्र वेलांटी आधी. जोडाक्षरात ती कोठवर सरकावी, रफार कोठे बसावा, हे संगणकाला नियम करून सांगावे लागते. ज्याने हजारदा अक्षर गिरवले आहे त्याला हे नियम मुळातून कळतात. बाकीचे, म्हणजे यंत्राची भाषा, शिकता येते.

मात्र एखादा प्रोग्राम चालवता येणे म्हणजे विद्या नव्हे. तीन महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या वर्गाची फी भरण्यापूर्वी तेथून शिकून गेलेल्या दोघांना भेटा. हातची नोकरी लगेच सोडू नका, संध्याकाळी शिका. शाळेतले बीजगणित पुन्हा काढा, लाजू नका.

पालकहो, सुरुवातीचा पगार पूर्वीपेक्षा कमी असू शकेल. तिशीतला तुमचा मुलगा बाविशीतल्या पोरांच्या हाताखाली बसेल. त्या दिवसांत “लोक काय म्हणतील” हे त्याला ऐकवू नका. मुलगी शिकत असेल तर निकाहाची बोलणी वर्षभर थांबली तरी काही बिघडत नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांबरोबर आपली चित्रेही घेऊन जा. ती कशी सुचली, काय खोडले, का खोडले, हे सांगण्याची तयारी घरीच करून जा.