जंगलवाटेवरची सायकल



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला तेव्हा आम्हांला दोन तऱ्हेचे आक्षेपक भेटले. एक म्हणाले, 'सायकलीवर तासभर बोलण्यासारखे आहे काय?' दुसरे म्हणाले, 'जंगलात पायी जावे. तेथे सायकल नेतातच कशाला?' पहिल्यांचे समाधान समोरचे घड्याळ करील. दुसऱ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि आम्हां सायकलवाल्यांत त्यावर अनेकदा कडाक्याचे वाद झालेले आहेत. त्या वादांतून आमचे जे मत बनले तेवढे आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

वारणेच्या खोऱ्याला सायकल नवी नाही. तात्यासाहेब कोरे यांनी कोडोलीजवळच्या माळावर सहकारी कारखान्याचा डाव मांडला, त्या पिढीतला कामगार पाळीला यावयाचा तो बहुधा सायकलीवरून. दुधाच्या किटल्या हँडलला लावून डेअरीकडे जाणारी माणसे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिली आहेत. ॲटलास आणि हर्क्युलिस या सायकली आपल्या देशात १९५१ च्या सुमारास तयार होऊ लागल्या. त्यापूर्वी सायकल म्हणजे बहुधा विलायती वस्तू. लग्नात जावयाला द्यावी अशी. शहरात तिला पितळी बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, आणि डबलसीट सापडल्यास पोलीस चाकातली हवा सोडी. म्हणजे सायकल हे आपल्याकडे पोटापाण्याचे वाहन. डोंगरात मौजेने सायकल न्यावी ही कल्पना त्या माणसाला सांगितली असती, तर त्याने आमच्या डोक्याला हात लावून ताप पाहिला असता.

ही कल्पना निघाली अमेरिकेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन नावाचा परगणा आहे आणि त्यात टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुणांनी भंगारातून जाड टायरच्या तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या सायकली उचलल्या आणि त्या डोंगरावरून खाली सोडू लागले. त्या सायकलींना पायडल उलटे दाबून लागणारा ब्रेक असे. उतारावर तो इतका तापे, की मागच्या हबमधले ग्रीस जळून धूर निघे. पायथ्याशी पोचल्यावर हब उघडून ग्रीस पुन्हा भरावे लागे. १९७६ साली त्याच परगण्यातल्या एका उतारावर त्यांनी शर्यत सुरू केली, तिचे नावच मुळी 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरणे. पुढच्या वर्षी जो ब्रीझ याने या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बनवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी 'माउंटन बाइक्स' या नावाने धंदा मांडला, आणि १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये ही शर्यत दाखल झाली. भंगारापासून ऑलिंपिकपर्यंत अवघी वीस वर्षे! इंग्लंडात मात्र १९५५ सालीच खडबडीत वाटांनी सायकल नेणाऱ्यांची एक संस्था निघाली होती. ती माणसे शर्यत लावीत नसत. सायकल खांद्यावर घ्यावी, ओढा ओलांडावा, पलीकडे चहा करून प्यावा, असा त्यांचा खाक्या. आमची जात या दुसऱ्या लोकांची आहे.

या सायकलीत वेगळे काय, असे कोणी विचारील. साध्या सायकलीला पुढे ४४ दात आणि मागे १८ दात आहेत असे धरा. पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्याला हे उत्तम. चढावर मात्र गुडघे बोलू लागतात. डोंगरी सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४२ दात लावता येतात. मग एका फेऱ्यात ती पावणेदोन मीटरसुद्धा जात नाही, पण जाते. बैल चढावर जसा पावले आखडून चालतो तसेच हे. टायर रुंद, आणि त्यात हवा कमी. दगडावर चाक उडत नाही, दगडाला धरून राहते. सारा हिशेब एवढाच.

आता आमची वाट. वारणानगराहून पहाटे निघावे, कोडोली मागे टाकून वाघबिळाकडे चढावे आणि उन्हे येण्याच्या आत पन्हाळा गाठावा. येथवर डांबरी रस्ता आहे. पन्हाळ्याच्या पश्चिमेस राजदिंडी आहे. सिद्दी जौहरचा वेढा पडला असता १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज याच बाजूने बाहेर पडले, आणि दुसऱ्या दिवशी बाजीप्रभू देशपांड्यांनी घोडखिंड अडवून धरली. ती आज पावनखिंड म्हणून आपण ओळखतो. ही कथा आपणांस पाठ आहे; ती आम्ही सांगत बसत नाही. एकच सांगतो. तुरुकवाडी, म्हाळुंगे करून मसाई पठार चढताना सायकल खांद्यावर घ्यावी लागते. तिचे वजन तेरा-चौदा किलो. दिवसाची वेळ, पोटात भाकरी, मागे कोणी शत्रू नाही, आणि तरीही शंभर पावलांवर दम खावा लागतो. आषाढातल्या पावसात, रात्री, चिखलातून बांदलांच्या माणसांनी पालखी पळवीत नेली, ती कोणत्या बळावर, हे बखर वाचून आम्हांला कधी कळले नव्हते. ते खांद्याला कळले.

मसाईचे पठार आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. जांभ्या दगडाचा तो एक प्रचंड ओटा आहे. त्यावर मातीचा थर फार पातळ, काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. देवीचे देऊळ, खाली कड्यात पांडवलेणी, आणि चहूकडे वारा. मार्गशीर्षात येथे वाळलेले गवत असते आणि सायकल पाण्यावरच्या होडीसारखी चालते. चौदा-पंधराजणांची ओळ लांबत लांबत जाते, बोलणे बंद होते, आणि टायरखाली खडे चुरडल्याचा आवाज तेवढा राहतो. या मौजेचे वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्याला हवी त्याने येऊन घ्यावी.

पण याच पठारावर श्रावण-भाद्रपदात गेलात तर पायाखाली फुले असतात. सीतेची आसवे म्हणतात ती निळीजांभळी कीटकभक्षी वनस्पती याच पातळ ओल्या मातीत वाढते. त्या दिवसांत एक चाक गेले की रेघ उमटते. रेघेत पाणी उतरते. दुसरे चाक चिखल टाळण्यासाठी बाजूने जाते, तिसरे त्याच्याही बाजूने. दोन पावसाळ्यांत रेघेची नाळ होते आणि माती वाहून कातळ उघडा पडतो. ती माती पुन्हा साठावयास किती पिढ्या लागतील? म्हणून ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत मसाईवर चाक न्यावयाचे नाही, असे आमच्या मंडळीत ठरले. ठरले म्हणजे सहजी नव्हे. 'मोटारी पठारावर जातात, हजारो लोक जुलैत पावनखिंडीला पायी जातात, मग आम्हीच काय घोडे मारले?' असा तरुणांचा सवाल होता. सवाल चुकीचा नाही. मोटारी तर तेथे मुळीच जाऊ नयेत असे आमचे मत आहे. पण दुसऱ्याचे खत जुने म्हणून आपले कर्ज फिटत नाही, हे अखेर त्यांनाही पटले.

पठार उतरले की कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, आंबेवाडी अशा वाड्या लागतात आणि वाट रानात शिरते. येथे ऊन पानांतून ठिपक्या-ठिपक्यांनी पडते, त्यामुळे मूळ कोणते आणि सावली कोणती हे चाकाला कळत नाही. या भागात गवे आहेत. राधानगरीचे अभयारण्य १९५८ साली मुळात गव्यांसाठी झाले, आणि अलीकडे पन्हाळगड व विशाळगड येथील राने संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाली आहेत. पूर्ण वाढलेला नर गवा हजार किलोच्या घरात जातो. तो स्वभावाने भित्रा, पण दचकला तर त्याच्या समोर असू नये.

आणि सायकलीचा खरा दोष येथे आहे. ती मुकी आहे. पायी माणूस बोलत, खोकत, काठी आपटीत येतो, आणि जनावर आधीच बाजूला होते. मोटारीचा आवाज कोसभर जातो. सायकल मात्र उतारावर वाऱ्यासारखी, आवाज न करता, वळणापलीकडून अंगावर येते. २०१६ साली अमेरिकेत माँटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या लगत एक सायकलस्वार असाच वेगाने वळणावर आला आणि अस्वलावर आदळला. तो मरण पावला. अस्वलाने ठरवून हल्ला केला नव्हता, आणि तो मनुष्यही अडाणी नव्हता. वनखात्यातला, त्या वाटा जाणणारा होता. वेग आणि शांतता एकत्र आली, एवढेच झाले. आम्ही बाजारातून बैलांच्या घुंगरमाळा आणल्या आणि एकेक हँडलला बांधली. दिसावयास ते हास्यास्पद दिसते. एका धनगराने आम्हांला विचारले, 'बेंदूर लवकर आला का हो यंदा?' पण घुंगरू नसेल त्याने रानात शिरावयाचे नाही, हा नियम आहे.

दुसरा नियम शेवटच्या माणसाचा. ओळीत सर्वांत मागे मंडळीतला सर्वांत जाणता सायकलस्वार असतो. पंक्चर, तुटलेली चेन, पायात गोळा, सारे त्याच्या वाट्याला. त्याच्या पुढे सर्वांत हळू जाणारा. प्रत्येक फाट्यावर सगळे थांबतात, मोजणी होते, आणि मागचा पोचल्यावर त्याला पाणी पिऊ देऊन मगच ओळ हलते. पुष्कळ ठिकाणी पुढचे विसावा घेऊन ताजे होतात आणि मागचा पोचला रे पोचला की निघतात. त्या बिचाऱ्याला विसावा मिळतच नाही. अशाने माणूस दमतो आणि दमलेला माणूसच पडतो.

या वाड्यांतून जाताना एक गोष्ट आम्हांला बोलू देत नाही. ज्या वाटेला आम्ही 'काय झकास वाट आहे' म्हणतो, त्याच वाटेने तेथील माणसांनी आजारी माणसाला झोळीत घालून खांद्यावरून नेलेले आहे. पाऊस लागला की ओढे अडवीत, आणि बाळंतीण वाडीतच राही. आता हळूहळू त्या वाड्यांना रस्ते होत आहेत, काही ठिकाणी सिमेंटचे. आमच्यातला एकजण हळहळला, की वाट गेली. त्यावर वाडीतल्या म्हातारीने त्याला ताक दिले आणि म्हणाली, 'लेकरा, तुझी वाट गेली, आमचा रस्ता आला.' शहरी माणसाला रान रानासारखे हवे असते आणि स्वतःच्या दाराशी मात्र डांबर. रस्त्याविरुद्ध अर्ज करणाऱ्यांत आम्ही सामील होणार नाही. उरलेल्या पायवाटा नीट राखाव्यात, पाणी आडवे काढावे, त्यासाठी वर्षातून दोन दिवस फावडे घेऊन जावे, हे आम्हांला करता येते आणि आम्ही करतो.

राहिला चांदोलीचा प्रश्न. वारणेचा उगम त्या रानात. आपल्या उसाला, आपल्या नळाला येणारे पाणी तेथून येते. २००४ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेले, २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. धरणासाठी आणि रानासाठी तेथली गावे उठली. त्यांतली काही माणसे आज आपल्या शेजारी राहतात. 'वनखात्याकडे परवानगी मागा, आतल्या जुन्या गाववाटांवर सायकली नेऊ,' अशी सूचना आमच्याकडे वारंवार येते. आम्ही ती मागितलेली नाही आणि मागणार नाही. ज्या वाटेवरून त्या गावच्या माणसाला स्वतःच्या देवाला जावयाचे तर परवानगी लागते, तीवर आम्ही मौजेखातर चाक फिरवावे हे शोभत नाही. अमेरिकेतसुद्धा १९६४ च्या कायद्याने राखलेल्या रानात सायकलीला मज्जाव आहे, आणि ज्या देशात ही सायकल जन्मली तेथले सायकलस्वार त्यावर अजून भांडतात. भांडोत. आमच्याकडे मसाई आहे, पावनखिंडीपर्यंतच्या वाड्या आहेत, जोतिबाचा डोंगर आहे. एका आयुष्याला पुरे.

येत्या मार्गशीर्षात गवत वाळले की पुन्हा निघावयाचे आहे. ज्यांना यावयाचे त्यांनी ब्रेक तपासून घ्यावेत, एक जादा ट्यूब आणि दोन वेळची भाकरी बरोबर घ्यावी. घुंगरमाळ आम्ही देऊ. यंदा ओळीच्या शेवटी कोणी राहावयाचे याचा वाद अजून मिटलेला नाही. दोघे हटून बसले आहेत, आणि दोघांनाही तीच जागा हवी आहे.