आपटा की कांचन?
(रौप्यमहोत्सवी वृक्षारोपणप्रसंगी केलेले भाषण)



कंपाउंडच्या भिंतीलगत बारा झाडे लावायचे ठरले आहे. यादीत ‘आपटा’ असे एकच नाव आहे. पण बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनच हातात पडतो. बँकेत नोटा पारखण्यात माझे आयुष्य गेले, तेव्हा ही पारख मी सांगितलेली बरी.

आपटा, रक्तकांचन आणि देवकांचन ही चुलत भावंडेच. तिघांचे पान जोडपान, मधे खाच. मात्र आपट्याचे पान लहान, जाड, खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंद. कांचनाचे मोठे आणि पातळ. दोन्ही कांचनांतला फरक फुलात पाहा. रक्तकांचनाच्या पाकळ्या रुंद, पुंकेसर पाच. देवकांचनाच्या पाकळ्या अरुंद, सुट्या, पुंकेसर तीन. रक्तकांचन फाल्गुनाच्या सुमारास, पाने झडल्यावर फुलतो. देवकांचन दसरा-दिवाळीच्या दिवसांत, पाने असतानाच.

आता लावायचे कुठे? आपटा आपल्या कोरड्या रानातला. पाणी कमी लागते, नवतपाही सोसतो. वाढ सावकाश, अंगाने वाकडा, फांद्या लोंबत्या, फुले बारीक फिकट. शोभेला तो थोडा कमीच. पण उंची बेताची, म्हणून विजेच्या तारांखाली तोच बरा. कांचन लवकर वाढतो, लवकर फुलतो. त्याच्या शेंगा वाळल्या की तडकून बिया उडतात. बागेजवळ रक्तकांचन लावा, त्याच्या कळ्यांची भाजीही होते. पार्किंगकडे देवकांचन. म्हणजे वर्षातून दोनदा बहर पाहायला मिळेल.

मग कुणी म्हणेल, काका, दोन्ही कांचनच लावू नं, आपटा कशाला? त्याचे कारण दसरा. रघुराजा आणि कौत्साची गोष्ट आपण नातवंडांना सांगतो आणि सोने म्हणून हातात देतो कांचनाचे पान! शिवाय त्या पानांसाठी रानातल्या आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडून बाजारात येतात. सावकाश वाढणाऱ्या झाडाला हा घाव भरून काढायला वर्षे लागतात. आपल्या आवारात चार आपटे असले, तर आपले पोट्टे खरे झाड ओळखतील. मात्र एक नियम आजच करू : दसऱ्याला फांदी तोडायची नाही. घरटी एक पान, मोठ्यांच्या हाताने खुडलेले. सोने एक पान असले तरी सोनेच.

तेव्हा चार आपटे, चार रक्तकांचन, चार देवकांचन, अशी माझी सूचना आहे. पहिले दोन उन्हाळे पाणी घालायची पाळी प्रत्येक विंगने वाटून घ्यावी. पुढच्या पंचवीस वर्षांची ही आपली मुदत ठेव समजा.