दुधाचा कोटा आणि दोन गाईंचा गोठा



मागणी घटताच कारखान्यातील यंत्र थांबविता येते. गाय थांबविता येत नाही. सकाळ-संध्याकाळ धार काढावीच लागते आणि ते दूध काही तासांत शीतकरण केंद्रात पोहोचले नाही तर नासते. 'दूध जास्त झाले, आता कोटा ठरवा' असे सुचविणारे हा साधा भेद विसरतात. मोठ्या गोठ्याच्या मालकाला मंदीचे चार महिने काढता येतात. दोन गाईंच्या धन्याला पेंडीची उधारी फेडावयाची असते.

युरोपीय आर्थिक समुदायाने १९८४ साली दुधावर कोटा लादला. लोण्याचे डोंगर साठले होते, निर्यात-अनुदानांचा भार तिजोरीस पेलवेना. वाटप मुख्यतः पूर्वीच्या पुरवठ्यावर बेतले गेले आणि मर्यादा ओलांडणाऱ्यावर जबर आकारणी बसविली गेली. भावास काही आधार मिळाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्याचा पुरवठा मोठा त्याचाच कोटा मोठा, आणि पुढे अनेक देशांत कोट्याची खरेदी-विक्री सुरू झाली. दूध विकण्याचा हक्क हीच एक क्रयवस्तू बनली! ३१ मार्च २०१५ रोजी कोटे संपले, दर कोसळले, आणि २०१६ मध्ये दूध कमी काढणाऱ्यास किलोमागे १४ युरो-सेंट देण्याची वेळ ब्रुसेल्सवर आली. (याच समुदायाची अतिरिक्त भुकटी व बटर ऑइल १९७० पासून 'दुधाचा महापूर' योजनेसाठी भारतात आले होते, हेही स्मरणात ठेवण्याजोगे.)

भारतात कायद्याने असा कोटा नाही. तो मागल्या दाराने येतो. २०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्र सरकारने दिवसाला १० लाख लिटर दूध २५ रुपये दराने घेण्याची योजना आखली. मर्यादेबाहेरचे दूध खासगी डेअऱ्यांच्या मर्जीवर राहिले. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये किसान सभेसह अनेक संघटनांना दूधदरासाठी रस्त्यावर उतरावे लागले, ते उगाच नव्हे.

बंगळुरूचा अनुभव निराळा आहे. जून २०२४ मध्ये कर्नाटक दूध महासंघाचे दैनिक संकलन एक कोटी लिटरच्या घरात गेले. महासंघाने गावसोसायट्यांची दारे लावली नाहीत. 'नंदिनी'च्या पिशवीत ५० मिलिलिटर दूध वाढवून २ रुपये जादा घेतले. अतिरिक्त दूध असे शहराच्या स्वयंपाकघरात पोहोचविले गेले. पण त्याचे मूल्य कोणी मोजले? पीण्यातील यंत्रकामगाराने आणि शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने. १ एप्रिल २०२५ पासून पिशवी पूर्वमापावर आली आणि लिटरला ४ रुपये वाढले. ही वाढ उत्पादकासाठी असल्याचे सांगण्यात आले.

येथेच राजकीय प्रश्न उभा राहतो. उत्पादकाला दर हवा, कामगाराला स्वस्त दूध हवे. दोघांची मागणी न्याय्य आहे. त्यांना परस्परांविरुद्ध उभे करण्यात खासगी व्यापाऱ्याचे हित असते. मधली तफावत राज्याने सोसावी, हाच मार्ग. कर्नाटकात तो अंशतः चोखाळला गेला: उत्पादकाला लिटरमागे ५ रुपयांचे प्रोत्साहन-अनुदान, आणि ऑगस्ट २०१३ पासून 'क्षीरभाग्य' योजनेत शाळकरी मुलांना भुकटीपासून केलेले १५० मिलिलिटर दूध. अतिरिक्त दूध मुलाच्या पेल्यात गेले तर ते अतिरिक्त राहतच नाही. मात्र अनुदान महिनोन्‌महिने थकते, ही गोठ्यातील तक्रार सर्वपरिचित आहे. थकलेल्या अनुदानावर पेंड मिळत नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत 'आरसेप' करारापासून दूर राहिला, त्यामागे न्यूझीलंडच्या भुकटीविरुद्ध दूध उत्पादकांचा रोष हेही एक कारण होते. तो धोका टळला असला तरी देशातील खरेदीची हमी अजून मिळवावयाची आहे. म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. आणलेले सर्व दूध घेण्याचे बंधन सहकारी संघावर असावे व त्यासाठी भुकटीप्रकल्पाचा तोटा सरकारने भरावा. कधी मर्यादा घालावीच लागली तर लहान गोठ्याचे दूध तिच्यातून पूर्णतः वगळावे आणि कपात मोठ्या पुरवठादारापासून सुरू व्हावी. खरेदीचा हक्क कोणालाही विकता येऊ नये. अनुदान दुधाच्या बिलाबरोबरच जमा व्हावे.