२१ हजार टाके
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला आधी विषय दिला होता कॉम्प्युटरचा. मी म्हटलं, त्यावर बोलणारे मोबाइलवर रोज भेटतात, मी शिवणावर बोलते. फोनवर जरा वेळ शांतता झाली. मग उत्तर आलं, "बरं, पण पंधरा मिनिटंच हं." तेव्हा घड्याळ लावूनच सुरू करते.

आपल्या वेळी कार्यानुभवाच्या तासाला मुली शिवणाच्या खोलीत जायच्या आणि मुलं झाडांना पाणी घालायला. म्हणजे मुलं पाण्याने एकमेकांना भिजवायची आणि आम्ही खिडकीतून पाहायचो. शिवणाच्या बाई आज समोरच बसल्या आहेत. धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, काज, हे सगळं त्यांनी शिकवलं. टाका वाकडा गेला की त्या रागवायच्या नाहीत. शांतपणे म्हणायच्या, "उसव आणि परत घाल." पुढे इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली, आज वीस वर्षांहून जास्त काळ मी प्रोग्रॅम लिहिते. बाई, तिथेही दिवसभर तेच काम असतं. उसवा आणि परत घाला.

पुण्यात फ्लॅटच्या एका कोपऱ्यात माझं साधं शिलाई मशीन आहे आणि त्याच्या शेजारी एक छोटं एम्ब्रॉयडरी मशीन. शनिवार-रविवारी तिथे बसते. मोठं काही करत नाही. सणावाराला लागणाऱ्या, कुणाला भेट देता येतील अशा लहान वस्तू करते. आणि माझं शिवणाचं कॅलेंडर मात्र अजून दारव्ह्याचंच आहे.

ते सुरू होतं पोळ्याला. श्रावण अमावास्येला बैल पोळा आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा. पुण्यातल्या मुलांना तान्हा पोळा समजावून सांगावा लागतो, पण लाकडी बैलाची झूल हातात दिली की समजावण्याचं काम उरत नाही. वीतभर उंचीच्या बैलाला साधारण १४ बाय २० सेंमीचा तुकडा पुरतो. मापासाठी मानेपासून शेपटीपर्यंत एकदा आणि पोटाच्या एका बाजूपासून पाठीवरून दुसऱ्या बाजूपर्यंत एकदा दोरा धरायचा. जुन्या साडीचा काठ चारही बाजूंनी लावायचा, कोपऱ्यांना लोकरीचे गोंडे, पोटाखाली बांधायला नाडी. तासाभराचं काम.

मग नवरात्र. यवतमाळचा दुर्गोत्सव किती मोठा असतो हे इथे कुणाला सांगायला नको. तेव्हा देवीच्या पाटावरचं आसन आणि दाराचं तोरण. दिवाळी आटोपली की थंडी पडते. मग बाळांची दुपटी, टोपडी, आजी-आजोबांना गुडघ्यावर घ्यायला लहान गोधड्या. जानेवारीत संक्रांत, म्हणजे पहिल्या संक्रांतीच्या बाळाचं काळं झबलं आणि हळदी-कुंकवाच्या वाणाचे बटवे. आणि उन्हाळा गोधडीचा. आपल्याकडे तिला वाकय म्हणतात. शेतात काम नाही, अंगण कोरडं, धुतलेलं लुगडं घटकाभरात वाळतं, त्यामुळे पापड-कुरडयांच्या शेजारी वाकयही अंथरलेली असायची. पावसाळ्यात हे जमत नाही. कापडाचे चार-पाच थर ओलसर राहिले की कुबट वास धरतात आणि तो जाता जात नाही.

आता एम्ब्रॉयडरी मशीनबद्दल. ते चालतं कसं, हे समजलं की गंमत वाटते. चित्र आधी कॉम्प्युटरवर टाक्यांमध्ये बदलावं लागतं. इंकस्केप नावाचा चित्र काढायचा फुकट प्रोग्रॅम आहे. त्याला इंक-स्टिच हा जोडभाग लावला की घरबसल्या हे करता येतं. मशीनसाठी जी फाइल बनते, तिचा डीएसटी हा प्रकार बहुतेक सगळीकडे चालतो. त्या फाइलमध्ये फूल नसतं, पान नसतं. फक्त सूचना असतात. इथून इतकं उजवीकडे, इतकं वर, टाका घाल. माप मिलिमीटरच्या दहाव्या भागात. एका टाक्याला तीन बाइट. रंग बदलायचा असेल तर थांब. बस्स.

पण कापड काही फाइल वाचत नाही. टाका पडला की ते आत ओढलं जातं. कॉम्प्युटरवर गोल काढलेलं फूल कापडावर लंबगोल होतं. म्हणून फ्रेममध्ये कापडाखाली कडक पेपर लावायचा, चित्र त्या दिशेने थोडं जास्त रुंद ठेवायचं आणि मऊ सुती कापडावर टाके फार दाट घालायचे नाहीत, नाही तर चुण्या पडतात. हे सगळं एकदा जुन्या कापडावर करून पाहायचं आणि मगच चांगल्या कापडाला हात लावायचा. कॉम्प्युटरवाल्यांना मी सांगते, याला आम्ही टेस्टिंग म्हणतो.

आणि हे नातं नवीन नाही. फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास असा माग केला, की भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून नक्षी आपोआप विणली जायची. भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. ती कल्पना चार्ल्स बॅबेजने आपल्या गणन-यंत्रासाठी उचलली आणि त्या यंत्राविषयी १८४३ मध्ये एडा लव्हलेसने जे टिपण लिहिलं, त्यावरून तिला आज पहिली प्रोग्रॅमर म्हणतात. म्हणजे आमचा धंदा कापडाच्या घरातूनच आलेला आहे. जकार्डचंच एक रेशमी चित्र त्याच्या मागावर विणलं गेलं. त्याला सुमारे २४ हजार कार्डं लागली. बॅबेजकडे त्याची एक प्रत होती. जवळपास दोनशे वर्षं झाली, तरी तो आकडा पुस्तकांत सापडतो.

हा आकडा वाचला आणि मी कपाटातून आजीची वाकय काढली.

पाच फूट रुंद, सात फूट लांब. बाहेरून दोन लुगडी, आत धोतरं, परकर, कुणाचा तरी शाळेचा शर्ट. पट्टी घेऊन मोजायला बसले. दोन ओळींमध्ये दीड सेंमी अंतर, म्हणजे रुंदीत १०० ओळी. १० सेंमीत १० टाके, म्हणजे एका ओळीत २१०. गुणाकार केला, २१ हजार टाके. एका टाक्याला तीन सेकंद धरले, तर न थांबता साडेसतरा तास. जाड थरांतून सुई इतक्या लवकर निघत नाही, पण धरू या. जुनं कापड धुणं, फाटकं कापून टाकणं, थर नीट बसवणं, दोरा ओवणं हे यात नाही. माझ्या मशीनला २१ हजार टाक्यांना अर्धा तास लागतो.

आता गंमत पाहा. मशीन एम्ब्रॉयडरीच्या धंद्यात मजुरी हजार टाक्यांवर ठरते. तुम्ही दुकानात डिझाइन घेऊन गेलात की तो फाइल उघडतो, टाके पाहतो आणि दर सांगतो. त्यात कुणाला वाईट वाटत नाही. अर्ध्या तासात पडणारे २१ हजार टाके मोजले जातात आणि साडेसतरा तासांत पडलेल्या २१ हजार टाक्यांना आपण म्हणतो, "आजीला बसल्या बसल्या काहीतरी चाळा लागायचा."

हे बोलायला मी आज इथे आले आहे.

माझी आई ब्लाउज शिवायची, साडीला फॉल-पिको करायची. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या आयांचे ब्लाउज तिनेच शिवले आहेत. तिच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. पानोपानी छाती, कंबर, बाही, गळा, सगळी मापं अगदी नेमकी. पैशाच्या जागी मात्र कित्येक ओळींपुढे एकच शब्द आहे, 'नंतर'. कुणी शेजारची, कुणी नात्यातली, कुणाच्या घरी लग्न. मी अमरावतीला इंजिनिअरिंगला गेले तेव्हा फी बाबांच्या पगारातून गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. होस्टेलची मेस, पुस्तकं, एसटीचं भाडं कुठून आलं, ते त्या वह्यांमध्ये आहे. घरात मात्र तिचं काम 'फावल्या वेळातलं' होतं. तिला फावला वेळ मी कधी पाहिला नाही.

आपण कापसाच्या जिल्ह्यातली माणसं आहोत. आपल्या गावावरून शकुंतला धावायची. ती बांधलीच मुळी कापसासाठी. इथला कापूस मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला, मग बोटीने मँचेस्टरला. माल आपला, भाव दुसऱ्याने ठरवायचा, हे दुःख इथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घराला ठाऊक आहे. त्याच घरात शिवणाऱ्या बाईच्या कामाचा भाव मात्र कुणीच ठरवत नाही. आपल्या जिल्ह्यात कर्त्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर त्याच्या बायकोला शिलाई मशीन दिल्याचे फोटो आपण पेपरात पाहतो. मशीन देणं चांगलंच आहे. पण मशीनसोबत काम आणि कामाचा दर मिळाला नाही, तर ते घरात एक टेबल होऊन बसतं.

पुसद, दिग्रस, दारव्हा भागातल्या तांड्यांवरच्या मैत्रिणी आपल्या वर्गात होत्या. त्यांच्या आज्यांच्या फेटिया-कांचळीवर काचा, कवड्या, चौकोन-त्रिकोणांची नक्षी असायची. तसली जुनी कांचळी शहरातल्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत ठेवतात आणि आपण तिकीट काढून पाहतो. करणारीला तेव्हा कुणी विचारलं असेल का, बाई, किती दिवस लागले?

आता हिशेब कसा करायचा, तो साधा सांगते. वाणाचा बटवा घ्या. ४४ इंच पन्ह्याचं एक मीटर कापड घेतलं तर १८ बाय २२ सेंमीचे २४ तुकडे निघतात, म्हणजे १२ बटवे. तेवढंच अस्तर. दोन्ही बाजूंनी ओढायला अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या दोन नाड्या. हात बसला की एका बटव्याला २५ मिनिटं. ताशी १०० रुपये मजुरी धरली तर ४२ रुपये होतात. हे फार नाहीत, घरी येऊन नळ दुरुस्त करणारा यापेक्षा जास्त घेतो आणि आपण देतो. कापड, अस्तर, नाडी, दोरा मिळून २० रुपये धरा. बटवा ६२ रुपयांना झाला. आपण मागतो कितीला? "पंचवीसला दे ना, घरचंच तर आहे." म्हणजे सामानाचे २० गेले आणि २५ मिनिटांच्या कामाचे हातात आले पाच रुपये.

म्हणून माझी तीन मागणी आहेत.

पहिली, शिवणाऱ्या मैत्रिणींना. वहीत एक रकाना वाढवा, वेळेचा. सुरू केलं किती वाजता, संपलं किती वाजता. पैसे घ्या किंवा घेऊ नका, भाचीच्या बाळाच्या दुपट्याचे कुणी पैसे घेत नाही, मीही घेत नाही. पण वेळ लिहा. भेट म्हणून दिलेलं काम मोजलेलं असावं, म्हणजे देणाऱ्यालाही कळतं आपण काय दिलं.

दुसरी, आपल्या सगळ्यांना. येत्या संक्रांतीला प्लॅस्टिकचे डबे लुटण्याआधी आपल्या गावातल्या शिवणाऱ्या बाईला विचारा. पुणे, नागपूर, हैदराबादला असलेल्यांनीही. बटवे दिवाळीनंतर लगेच सांगा, ऐन संक्रांतीच्या आठवड्यात नाही. आणि अर्धे पैसे आधी द्या, कापड तिला रोखीने आणावं लागतं.

तिसरी, शाळेला. शिवणाच्या खोलीतली मशीनं आपण माजी विद्यार्थ्यांनी मिळून दुरुस्त करून देऊ, लागली तर दोन नवी घेऊ. फक्त एक अट असावी, त्या खोलीत मुलंही बसतील. झाडांना पाणी मुलीही घालतील. आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर नक्षीची फाइल कशी करायची, ते शिकवायला दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस मी येईन. प्रोग्रॅम फुकट आहे, मशीन मी गाडीत घालून आणते. आठवीच्या मुला-मुलींनी स्वतःचं नाव कापडावर टाक्यांत उतरलेलं पाहिलं, की कॉम्प्युटर म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

आज तुमच्या प्रत्येकाच्या पिशवीत एक छोटा रुमाल आहे. कोपऱ्यावर आपल्या शाळेच्या दारातलं कडुलिंबाचं पान आहे. एका पानाला १,१४० टाके लागले. ते मशीनने घातले. रुमालाच्या चारही कडा मात्र गावातल्या दोघी-तिघींनी हाताने दुमडून शिवल्या आहेत आणि त्यांना दर रुमालामागे ठरलेली मजुरी दिली आहे. ती किती, ते रुमालासोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं आहे. वाचा, आणि महाग वाटली तर घरी जाऊन एक कड स्वतः शिवून पाहा.

बाई, तुमच्या रुमालाची कड मी शिवली आहे. टाका वाकडा दिसला तर सांगा. पंधरा मिनिटं झाली.