उमेदीला दुसरा माणूस लागतो



जिद्दीचे चित्रपट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकटा झुंजणारा नायक उभा राहतो. मला मात्र माझ्या आवडत्या चित्रपटांनी निराळंच शिकवलं. खचायच्या बेतात असलेला माणूस सावरतो, तेव्हा ऐन मोक्याला त्याच्या आयुष्यात दुसरं कुणीतरी आलेलं असतं. आज तीन चित्रपटांच्या आधारे मी एवढंच मांडणार आहे.

पहिला चित्रपट रॉबेर ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा, 1956 सालचा ‘अ मॅन एस्केप्ड’. जर्मनांविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकार चळवळीतला आंद्रे दविन्यी 1943 मध्ये लियाँच्या माँल्युक तुरुंगातून निसटला होता, त्याच्या आठवणींवर तो बेतलेला आहे. कैदी पळून जाणार हे चित्रपटाचं नावच सांगून टाकतं. मग पाहायचं काय? तर हात पाहायचे. चित्रपटातला कैदी फाँतेन जेवणाच्या चमच्याचा दांडा फरशीवर घासून त्याला धार लावतो आणि कोठडीच्या दाराच्या फळ्यांचे सांधे कोरू लागतो. कोरताना पडलेला भुसा गोळा करून लपवायचा, पावलं वाजली की थांबायचं, ती लांब गेली की पुन्हा सुरू. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. लाकूड खरवडल्याचा आवाज तेवढा येतो. सगळी तयारी झाल्यावर त्याच्या कोठडीत एक पोरगा आणून टाकतात. तो हेर असेल का? त्याला मारायचं की बरोबर न्यायचं? फाँतेन त्याला बरोबर नेतो. बाहेर पडताना एक भिंत अशी येते की एकट्याला ती चढता आली नसती. आधी धोका वाटलेला तोच पोरगा तिथे आधार होतो.

दुसरा चित्रपट अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकाचा ‘इकिरू’, 1952 सालचा. वातानाबे हा सरकारी खात्याचा प्रमुख. त्याची तीस वर्षं कागदांवर शिक्के मारण्यात गेली आणि आता पोटाचा कर्करोग झालाय. वस्तीतल्या बायका सांडपाण्याचं डबकं बुजवा म्हणून अर्ज घेऊन येतात आणि त्यांना या खिडकीवरून त्या खिडकीवर पिटाळलं जातं. हे दृश्य आपल्याला कुणी समजावून सांगायला नको! वातानाबेला जाग येते ती कचेरीतली नोकरी सोडून खेळणी बनवायच्या कारखान्यात गेलेल्या एका मुलीमुळे. तिने केलेला खेळण्यातला ससा बघून त्याच्या लक्षात येतं, आपल्याही हातून काही घडू शकतं. तो तोच अर्ज बाहेर काढतो आणि त्या जागी मुलांची बाग उभी राहीपर्यंत साहेबांच्या दारातून हलत नाही. पण कुरोसावा इथे थांबत नाही. वातानाबे गेल्यावर सहकारी दारूच्या भरात शपथा घेतात, आणि पुन्हा कचेरीत बसल्यावर पहिले पाढे पंचावन्न! नुसतं गहिवरून माणूस बदलत नाही, हे इतक्या परखडपणे क्वचितच कुणी दाखवलं असेल.

तिसरा आपल्या मातीतला, व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’, 1957 सालचा. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तिच्यामागे औंध संस्थानातला खुल्या तुरुंगाचा खराखुरा प्रयोग. तो प्रयोग जिथे झाला त्या आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला आजही कैदी कुटुंबासह राहून शेती करतात. चित्रपटातला जेलर आदिनाथ सहा खुन्यांना बेड्यांशिवाय उजाड माळावर नेतो. गळ्यावर सुरा चालवलेले हात भाजी पिकवतात, ती रास्त भावात विकतात, आणि बाजारात व्यापाऱ्यांची माणसं मारायला उठली तरी ते हात उगारले जात नाहीत. बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात, आदिनाथची भूमिका करणाऱ्या शांतारामांच्या स्वतःच्याच डोळ्यांना गंभीर इजा झाली होती. बर्लिनच्या महोत्सवाने 1958 मध्ये या चित्रपटाला रौप्य अस्वल देऊन गौरवलं.

श्रोतेहो, फाँतेनने पोरावर विश्वास टाकला, आदिनाथने कैद्यांवर टाकला, वातानाबेने एका मुलीकडून धडा घेतला. तिन्ही गोष्टींत हातांना काम होतं. म्हणून खचलेल्या माणसाला ‘धीर धर’ एवढंच सांगून निघून येऊ नये. त्याच्यावर सोपवता येईल असं एखादं काम शोधावं, आणि तो ते करील असा भरवसा आधी आपण धरावा.