उत्तरेकडील अरण्यांतील रानमेवा आणि त्याची पाकविद्या



आजच्या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी केवळ जिव्हालौल्याचा वाटण्याचा संभव आहे. परंतु फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वे या मुलखांत रानातली फळे, पाला आणि सुगंधी वनस्पती यांवर जी पाकविद्या उभी राहिली, तिचा थोडा खोल विचार केला म्हणजे असे दिसून येते की, तिचा उगम हौसेत नसून गरजेत आहे, आणि ती जितकी चुलीच्या आधाराने जगली तितकीच लोकांच्या हक्काच्या आधारानेही जगली.

प्रथम तिथल्या भूमीचे स्वरूप ध्यानात घेऊ. फिनलंडचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग अरण्याने व्यापलेला आहे. पाइन आणि स्प्रूस यांच्या छायेतली ती आम्लधर्मी जमीन, दीर्घ हिवाळा आणि अल्पजीवी उन्हाळा ही सारी परिस्थिती धान्याच्या शेतीला प्रतिकूल असली, तरी बिल्बेरी आणि लिंगोनबेरी यांच्या ठेंगण्या झुडपांना तीच मानवते. जुलैमध्ये बिल्बेरी पिकते, त्याच सुमारास दलदलीत क्लाउडबेरी तयार होते आणि ऑगस्टच्या अखेरीपासून लिंगोनबेरीचा हंगाम सुरू होतो. या दोन-अडीच महिन्यांत जे हाती येईल तेच पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवायचे असल्यामुळे तिथली पाकविद्या ही मुख्यतः बेगमीची विद्या झाली.

लिंगोनबेरीचे उदाहरण घ्या. या तांबड्या, आंबट-तुरट फळात बेन्झोइक आम्ल निसर्गतःच असते, आणि त्यामुळे निवडलेली फळे बरणीत भरून वर नुसते थंड पाणी ओतले तरी ती महिनोन्महिने टिकतात. स्वीडिश घरांत दुसरीही एक रीत आहे. कच्च्या फळांत साखर घालायची, भांडे विस्तवावर मुळीच ठेवायचे नाही, आणि साखर पुरती विरघळेपर्यंत मधून मधून ढवळत राहायचे. अशाने फळाचा रंग उतरत नाही आणि आंबटपणाही बोथट होत नाही. हा आंबटपणा कशासाठी जपायचा, हे या मुलखांच्या उत्तर टोकाकडील लापलँडमधले ताट पाहिले म्हणजे उमगते. रेनडिअरचे गोठलेले मांस अगदी पातळ तासून चरबीत परततात, लगदा केलेल्या बटाट्यावर वाढतात आणि शेजारी ठेचलेल्या लिंगोनबेरीचा ढीग ठेवतात. मांसाचा स्निग्धपणा त्या तुरट रसाने तोडला नाही, तर ते अन्न जिभेवर जड होऊन बसते.

क्लाउडबेरीचा स्वभाव याहून निराळा आहे. तिचे नर रोप वेगळे आणि मादी रोप वेगळे. एका देठाला एकच फूल आणि एकच फळ. आणि फुलोऱ्याच्या दिवसांत हिमकडाका पडला की त्या वर्षाचे पीक बुडालेच. फळ कच्चेपणी लाल असते आणि पिकल्यावर अंबरासारखे पिवळसर होते. क जीवनसत्त्व मुबलक असल्यामुळे उत्तरेकडील दर्यावर्दी स्कर्व्हीवरचा उतारा म्हणून ते जवळ बाळगीत. फिनलंडमध्ये आचेवर भाजलेल्या, दाताखाली करकरणाऱ्या चीजबरोबर ते वाढतात, आणि त्या देशाच्या दोन युरोंच्या नाण्यावर राजाचा वा सेनापतीचा मुखवटा नसून याच फळाची आकृती आहे.

मसाल्यांत अग्रमान ज्युनिपरचा. त्याचे निळे-काळे फळ पिकायला दोन-तीन वर्षे लागतात, त्यामुळे एकाच झुडपावर हिरवी आणि पिकलेली फळे एकत्र दिसतात. ती ठेचून शिकारीच्या मांसाला लावतात. फिनलंडमधल्या साहती नावाच्या जुन्या घरगुती बिअरसाठी लाकडी पन्हळीत ज्युनिपरच्या डहाळ्या अंथरून त्यांतून रस गाळून घेतात. वसंतात नेटलचा कोवळा पाला, जो हाताला लागताच आग करतो, उकळत्या पाण्यात पडताच निर्विष होतो, आणि त्याच्या सारावर उकडलेले अंडे घालून तो घराघरांत खाल्ला जातो. स्वीडनचा पंचविशीतला वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस 1732 साली लापलँडच्या प्रवासाला निघाला आणि 1737 साली त्याने त्या प्रदेशाच्या वनस्पतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या सामी लोकांच्या मुलखातून तो हिंडला, ते अँजेलिकाचे कोवळे देठ सोलून कच्चेच खात असत. परंतु अँजेलिकाच्याच कुळातली आणि दिसायला तिच्यासारखी सिक्यूटा ही वनस्पती पाणथळ जागी वाढते आणि ती प्राणघातक आहे. तेव्हा हे ज्ञान ग्रंथापेक्षा डोळ्यांत आणि बोटांत मुरलेले असावे लागते.

आता हक्काकडे वळू. फिनलंड, स्वीडन आणि नॉर्वे येथे अरण्य खाजगी मालकीचे असले तरी त्यात पायी हिंडण्याची आणि रानफळे वेचण्याची मुभा सर्वांना आहे. स्वीडनने हा हक्क 1994 साली आपल्या राज्यघटनेत नमूद केला. फिनलंडमध्ये तर स्वतः वेचलेली फळे विकून येणाऱ्या उत्पन्नावर करही नाही. परंतु या मुभेला हद्द आहे. कोणाच्या अंगणात शिरायचे नाही, उभ्या पिकात पाऊल टाकायचे नाही, जिवंत झाडाची फांदी मोडायची नाही. स्प्रूसचे कोवळे कोंब खुडायचे तर मालकाची परवानगी लागते, कारण कोंब खुडला म्हणजे झाडाची वाढ खुडली. चिरनेरच्या रानात 1930 साली जंगलच्या हक्कासाठी ज्यांनी गोळ्या झेलल्या, त्यांच्या महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना या मोकळीकीचे मोल निराळे सांगायला नको.

हा हक्क सुखवस्तू लोकांच्या सहलींसाठी जन्मला, असा समज कोणी करून घेऊ नये. 1866 ते 1868 या काळात फिनलंडमध्ये जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे आठ टक्के प्रजा मृत्युमुखी पडली. त्या दिवसांत लोकांनी पाइनच्या सालीचे पीठ भाकरीत मिसळून खाल्ले. ज्या समाजाने असे दिवस पाहिले, त्याला रानातले अन्न कुलपात ठेवणे अधर्म वाटले तर नवल नाही.

आज या पाकविद्येला प्रतिष्ठा लाभली आहे. 2003 साली कोपनहेगनमध्ये उघडलेल्या नोमा या उपाहारगृहाने रानपाल्याला जगाच्या मेजावर नेऊन बसवले. दुसऱ्या बाजूस व्यापारी फळवेचणीसाठी दर उन्हाळ्यात थायलंडहून मजूर आणले जाऊ लागले, आणि त्यांच्या पिळवणुकीची प्रकरणे न्यायालयांपर्यंत गेली. टोपली घेऊन निघालेल्या शेजाऱ्यासाठी असलेला हक्क व्यापाराच्या कामी जुंपला, म्हणजे त्याची मर्यादा सांभाळणारे कोणी उरत नाही, हे यावरून कळते.

म्हणून माझे प्रतिपादन एवढेच की, असा हक्क घटनेतल्या कलमाने मिळतो खरा, पण टिकतो तो वहिवाटीने. आणि त्याची खरी वहिवाट स्वयंपाकघरात होते. ज्या घरातल्या मुलाला कोणते फळ कधी पिकते, कोणता देठ तारतो आणि कोणता मारतो हे समजत नाही, त्या घराला अरण्य मोकळे असूनही बंदच आहे. तेव्हा रान राखण्याची आच ज्यांना असेल, त्यांनी कायद्याच्या पोथीइतकीच आपल्या आजीच्या फडताळातली बरणीही मोलाची मानावी, आणि तिच्यातली विद्या पुढच्या पिढीच्या हाती सोपवावी, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.